उघड्यावरचा लेप

कारखान्यात सगळे त्यांना खुसपटराव म्हणत, आणि तेही त्या नावाला जागत. नदीकाठच्या खांबांवर पुराचा इशारा देणारे भोंगे असतात, त्यांच्या पेटीतले सर्किट बोर्ड इथे तयार होत. तयार झालेला बोर्ड उन्हापावसात टिकेल का, हे पाहणं खुसपटरावांचं काम. म्हणजे चांगल्या बोर्डाचा छळ मांडायचा. भट्टीत भाजायचा, गारठवायचा, खारट वाफेत कोंडायचा. एवढं होऊन जो जगेल तो पास.

जगत ते बहुतेक ताईमुळे. ताई त्यांची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलं, आणि याच कारखान्यात ती बोर्डांना लेप द्यायची. लेप पाण्यासारखा पारदर्शक, दिवसाउजेडी दिसायचाच नाही. पडद्याआडच्या खोलीत जांभळा दिवा लावला की तो निळा उजळे आणि कुठे राहून गेलाय ते कळे. ताई डावखुरी. तिचे फटकारे उजवीकडून डावीकडे जात, आणि बोर्ड अंगठ्याने धरलेला कोपरा ती शेवटी एका गोल ठिपक्याने बुजवी. तारा जोडायच्या पिना मात्र मोकळ्या सोडायची. "त्यांना श्वास घ्यायला नको का?" म्हणायची. घरात वापरायचा बोर्ड कुणी पुढे केला तर सरळ बाजूला सारायची. "जे उघड्यावर राहणार त्यालाच लेप. घरात बसणाऱ्याला कशाला?"

ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची खुर्ची खुसपटराव अजून कुणाला हलवू देत नसत.

त्या दुपारी मालकांनी नदीच्या वळणावरची जुनी पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"पावसाळा तोंडावर आलाय. हा बोर्ड अजून एक हंगाम काढेल का, तेवढं सांगा. तुमची लेक त्याच भोंग्याखाली राहते, तेव्हा खुसपटं काढा असं वेगळं सांगायला नको."

मालक हसले. खुसपटरावांना हसू आलं नाही. जावई नोकरीसाठी दूर, घरात लेक आणि चिमुरडी नात दोघीच. भोंगा ऐन वेळी वाजला नाही तर, याच्या पुढचा विचार ते करत नसत.

पेटीच्या रबराचा हात लागताच भुगा झाला. आत मुंग्यांनी संसार थाटला होता. वर्षानुवर्षं तापलेला लेप पिवळा पडून तडकलेला असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं आणि पडद्याआड जाऊन दिवा लावला.

बोर्ड लख्ख निळा उजळला. फटकारे उजवीकडून डावीकडे. त्यांनी कोपऱ्यातल्या ठिपक्याला बोट लावलं. बोट चिकटलं.

पेटी उतरवून आणणाऱ्या कामगाराला त्यांनी हाक मारली. "वर चढून लेप मारलास का रे याला?"

"मी? साहेब, मला घराचं दार धड रंगवता येत नाही. आणि पेटी तर तुम्हीच आत्ता उघडलीत."

खुसपटरावांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी एक कोरा बोर्ड घेतला, जांभळ्या दिव्याखाली धरला. काळाकुट्ट. तो भट्टीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला गेले. डबा तसाच परत आला.

भट्टी उघडताच लेपाचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आला. एवढ्या उष्णतेत तो केव्हाच उडून जायला हवा होता.

दिवा लावला. उजवीकडून डावीकडे निळे फटकारे. पिना मोकळ्या. कोपऱ्यात ठिपका.

ते ताईच्या खुर्चीत बसले. भीती वाटली नाही. लहानपणी तापाने फणफणले की ताई कपाळावर हात ठेवायची, तेव्हा वाटायचं तसंच वाटलं. डोळे भरून आले. बाई गेली, पण हातातलं काम टाकून गेली नव्हती.

"पास," ते मालकांना म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी तो जुना बोर्ड स्वतः जाऊन खांबावर परत बसवला, भोंगा वाजवून पाहिला आणि निश्चिंत मनाने लेकीच्या घरात शिरले. नात खाटेवर झोपली होती. वीज गेली होती.

"तुमच्या पिशवीतला तो तपासणीचा दिवा तरी लावा, बाबा. काडेपेटी सापडत नाहीये."

त्यांनी पिशवीतून छोटा जांभळा दिवा काढून बटण दाबलं.

उजेड खाटेवर पडला.

नातीच्या कपाळावर निळे फटकारे होते. गालांवर, गळ्यावर, उघड्या दंडांवर. उजवीकडून डावीकडे, कुठे जागा न सोडता.

नाकपुड्या आणि ओठ तेवढे मोकळे होते.

त्यांनी दिवा लेकीकडे वळवला. तीही निळी.

भिंतींवर फिरवला. भिंती काळ्या. छप्पर काळं.

स्वतःच्या हातावर धरला. हात कोरा होता.

"पोरीला उचल," ते म्हणाले. "चल माझ्याकडे. आत्ता."

"अहो बाबा, आभाळात एक ढग नाही. राहतं घर सोडून कुठे निघायचं?"

बाहेर भोंगा गप्प होता.

त्यांनी वाकून नातीच्या कानामागे पाहिलं. तिथे गोल ठिपका होता. त्यांनी बोट लावलं.

बोट चिकटलं.