मराठीत सांगायचं तर

दादरच्या त्या कॉलेजात प्रिती कासारेला आपला पेपर कुठल्या खोलीत आहे हे शोधतानाच घाम फुटला. परिषद मोठी, पण भाषाशिक्षणाला स्वतंत्र विभागच नव्हता. जे पेपर कुठेच बसत नव्हते, ते सगळे आयोजकांनी जेवणानंतरच्या एका सत्रात कोंबले होते. तिच्या आधी पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक रामदास सर लंबकावर बोलले. तिच्यानंतर कुणी हितेंद्र परब होते, जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांवर बोलणारे. ऐकायला वक्ते धरून पाच-सहा माणसं, त्यांतलं एक पेंगत होतं.

पण प्रिती मन लावून बोलली. काळाचौकीतल्या महापालिकेच्या शाळेत ती वर्षभर विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसली होती. मुलं इंग्रजीतून व्याख्या घडाघडा म्हणायची. "एका मुलीनं ‘रेझोनन्स’ची व्याख्या न चुकता म्हटली," प्रिती सांगत होती. "मी म्हटलं, आता तुझ्या शब्दांत सांग. ती म्हणाली, ‘ताई, माझ्या शब्दांत नाहीये ते.’"

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. ओल्या छत्रीशी चाळा करत बसलेला एक उंच तरुण उठून उभा राहिला.

"माझा प्रश्न नाहीये, तक्रार आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मुलांबद्दल बोललात. मी तिशीला आलो, स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगमध्ये पीएचडी करतोय. माझंही तेच आहे."

हाच हितेंद्र परब. मग तो पुढे येऊन बोलला... इंग्रजीत, भराभर, आलेखांमागून आलेख. प्रितीला एक अक्षर कळलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात चहाचा कप घेऊन तो तिच्यापाशीच आला.

"कसा वाटला पेपर?"

"चांगला असावा."

"असावा?"

"म्हणजे, कळला असता तर नक्की सांगितलं असतं."

तो पुन्हा तसाच हसला, मोकळा. चष्म्याच्या काचेवर पावसाचा एक थेंब राहिला होता. तो पुसून द्यावा असं प्रितीला उगाच वाटून गेलं, आणि तिनं पटकन नजर चहाकडे वळवली.

"मग आता मराठीत सांगतो. नाही कळलं तर दुसरा चहा माझ्याकडून."

"आणि कळलं तर?"

"तर... तोही माझ्याकडूनच."

तिला कळलं. लालबागच्या चाळींना लाकडी गॅलऱ्या आहेत. गणपतीच्या आगमनाला सगळी चाळ गॅलरीत दाटते, खाली ढोल, वर माणसं त्याच ठेक्यावर नाचतात. "झोपाळ्याला नेमकी वेळ साधून हलका धक्का दिला तरी तो उंच जातो ना? गॅलरीलाही तिचा स्वतःचा झोका असतो. ढोलाचा ठेका त्याच्याशी जुळला, की संपलं. तुमच्या त्या मुलीचा ‘रेझोनन्स’ तो हाच."

"मग हे आत का नाही सांगितलंत?"

"आत कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून, "लालबागच्या एका चाळीत मी मोजमाप करतोय. तिथली रस्त्याकडची गॅलरी मला बरी दिसत नाही. पण लोकांना वाटतं मी बिल्डरचा माणूस आहे. तुम्ही... याल का एकदा?"

ती गेली. मग पुन्हा गेली. तो कठड्याला छोटी छोटी यंत्रं चिकटवायचा, ती दारादारांतून लोकांशी बोलायची. काम झालं की दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायची. तो आपलं सगळं फरसाण तिच्या ताटलीत सरकवायचा आणि तिचा पाव उचलायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात सभा भरली. हितेंद्र प्रितीनं लिहून दिलेलं मराठीत बोलला. तरी ऐन मोक्याच्या जागी त्यानं स्वतःचं वाक्य घातलंच : "विशिष्ट परिस्थितीत गॅलरी निकामी होण्याची शक्यता नाकारता येत नाही."

वरच्या मजल्यावरच्या राधाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "झिला, तां सगळा ऱ्हवांदे. पडतली काय नाय पडतली, इतक्याच सांग."

"तसं... ठामपणे सांगता येणार नाही."

"मगे झाला तर!" म्हणत राधाबाई वळल्या. लोकही हसत पांगले.

हॉटेलात दोघांचं पहिलं भांडण झालं.

"तू सरळ ‘पडेल’ म्हणायचं होतंस," प्रिती म्हणाली. "तुझी ‘शक्यता’ ऐकून लोकांना वाटलं, म्हणजे काही होत नाही."

"पण पडेलच, हे मला माहीत नाही! खोटं कसं सांगू? उद्या नाही पडली, तर पुढच्या इंजिनीअरचं कोण ऐकेल?"

"आणि पडली तर? माणसं कोसळतील, हितेंद्र, तुझा आलेख नाही."

त्याचा चेहरा उतरला. मिसळ तशीच टाकून तो उठून गेला. प्रिती बराच वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. आपण लागेल असं बोललो, हे तिला कळत होतं. आणि तोही अगदी चुकला नव्हता, हे जास्त टोचत होतं. मुलांच्या तोंडी न कळलेले शब्द घालू नयेत म्हणून जी एवढं भांडत होती, तीच आज त्याच्या तोंडी न पटलेला शब्द घालायला निघाली होती.

आठवडाभर फोन आला नाही. आगमन तोंडावर आलं तसा एका सकाळी त्याचा मेसेज आला. ‘चाळीत जातोय. येशील?’

ती पोचली तेव्हा तो रस्त्याकडच्या गॅलरीखाली उभा होता. हातात कागद नव्हता. राधाबाई, अजून काही बायका-पुरुष जमले होते.

"पडेल का, मला माहीत नाही," तो म्हणाला. "पडणार नाही, असंही मी सांगू शकत नाही. पण आगमनाच्या दिवशी माझी आई या गॅलरीत उभी असती ना, तर मी तिचा हात धरून तिला खाली आणलं असतं. मला एवढंच ठाऊक आहे."

मग राधाबाई जिना चढून वर गेल्या, कठड्यावरची तुळशीची कुंडी उचलून खाली घेऊन आल्या. "बघतंस काय?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "त्या दोरीवरले तुझे कपडे काढ."

दुसऱ्याच दिवशी गॅलरीला टेकू लागले, दोन्ही टोकांना वाट अडवायला दोर बांधले गेले. आगमनाला सगळी चाळ रस्त्यावर उतरली. गॅलरी पडली नाही. "काय साहेब, कुठे पडली?" म्हणून एकानं चिडवलंही. हितेंद्र फक्त हसला.

ढोलांच्या गजरातून वाट काढत दोघं मागच्या गल्लीत आली. प्रितीच्या केसांत गुलाल होता.

"त्या दिवशी मी फार बोलले," ती म्हणाली.

"बोललीस म्हणून तर आठवडाभर शब्द शोधत बसलो." "प्रिती, मला तू आवडतेस. खूप."

तिनं मान खाली घातली. मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. पण काही गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाणाऱ्यांतली ती नव्हती.

"आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. तुझ्याकडे गणपती बसतो. मी कासारे आहे, हे तुझ्या आईला माहीत आहे?"

"सांगितलं मी."

"मग?"

"काही दिवस बोलली नाही माझ्याशी." त्यानं लपवलं नाही. "काल जेवताना म्हणाली, ‘एकदा घराक हाड तिका, माका बघूंदे.’ घरी आण म्हणतेय. मनातून राजी आहे असं नाही म्हणणार मी. पण बोलली. आणि ती राजी झाली नाही, तरी माझं बदलणार नाही."

प्रितीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे भरून आले होते, ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"येईन मी," ती म्हणाली. "पण बघायला नाही, भेटायला. आणि त्याआधी तू आमच्याकडे यायचं."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता? अगं, शर्ट बघ माझा..."

"चल रे!"

काळाचौकीपर्यंत दोघं भुरभुर पावसात चालत गेली. दार प्रितीच्या आईनं उघडलं. कमलाबाईंनी लेकीच्या केसांतला गुलाल पाहिला, मग तिच्यामागे अवघडून उभ्या राहिलेल्या उंच मुलाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. आतून बाबांचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

कमलाबाई दारातून बाजूला सरल्या.

"चपला आत काढ, बाळा," त्या म्हणाल्या, "बाहेर भिजतील."

आणि चहाचं आधण वाढवायला त्या आत गेल्या.