उतारावरचं गवत

बंद खाणीच्या उतारावर गवत किती धरलंय, हे मोजण्याचा तो शेवटचा दिवस. बियाणेवाला (सगळे त्याला याच नावाने हाक मारत) लोखंडी चौकट खांद्याला अडकवून निघाला, तर वहिनी दारातच उभी.

"भावजी, एवढंच लिहा, धरलं नाही. मग उतार परत उकरावा लागेल खाणवाल्यांना."

"बघतो."

"तीन वर्षं बघताय. निदान हाडं तरी मिळू देत मला."

तिचा नवरा, म्हणजे याचा थोरला भाऊ, त्या उताराखाली होता. दरड कोसळली, तीन दिवस शोधाशोध झाली, मग साहेबांनी हात वर केले. चौथ्या दिवशी खाण बुजवली आणि पाचव्या दिवशी यानेच वर बी फेकलं. परदेशी गवताचं बी, कुठेही तग धरणारं. आधी त्याने माती धरायची, मग इथलं गवत आपोआप परत येईल, असं ठरलं होतं. इथलं एक पातंही आलं नाही, आणि त्या परदेशी गवताला जनावरं तोंड लावेनात. बी फेकताना पायाखालून ठक, ठक ऐकू आलं होतं. पाइप असेल, अशी याने समजूत घातली आणि गप्प बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून ठेवणाऱ्याची बोटं किती दुखतात ते कोण सांगणार!

मोजणीची रीत सोपी. डोळे मिटायचे, चौकट पाठीमागे फेकायची, पडेल तिथलं गवत मोजायचं.

भर दुपार होती. वारा पूर्ण पडलेला, तरी गवत हलत होतं. पहिल्यांदा चौकट पडली ती कमरेएवढ्या काळपट गवतात. त्याने मोजलं, खुणेला पेन्सिल मातीत खोचली आणि उताराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा चौकट फेकली. वळून पाहिलं तर जवळपास चौकट नाही. शोधत शोधत तो त्याच काळपट गवतापाशी आला. चौकट तिथेच होती, आणि तिच्या मधोमध त्याची पेन्सिल.

तो चौकट उचलायला गेला. उचलेना. चारही कोपऱ्यांना खालून ओली मुळं बांधलेली होती. दुहेरी वेढा, टोक आत खोचलेलं... दादाची गाठ. चिखलात बुटाची नाडी सुटू नये म्हणून तो अशी बांधायचा. धाकट्याला कितीदा शिकवली, याच्या हाताला कधी जमली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दादाची मेल्यावरही गेली नव्हती.

"दादा...?"

ठक. ठक.

त्याची पाचावर धारण बसली. उकरलं तर दादा सापडेल, आणि बी फेकल्यावर तो किती दिवस जिवंत होता तेही कळेल. त्याने कागदावर लिहिलं, 'गवत पूर्ण धरलं.' चौकट तिथेच टाकून तो पळाला.

वहिनीने तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

"धरलंय म्हणून लिहिलंत ना?"

"धरलंयच, वहिनी."

ती रडली नाही. उंबऱ्यावर मटकन बसली आणि त्याच्या बुटांकडे बघत राहिली.

"भावजी... ही गाठ तुम्हाला कधी जमली?"

त्याने खाली पाहिलं. दोन्ही बुटांना दुहेरी वेढा, टोक आत खोचलेलं. तो घाईघाईने वाकला आणि गाठ सोडायला लागला. ती आणखी आवळली.