इवेलिसच्या समोरची खुर्ची

भूत रात्रीच दिसतं, हे कोणी ठरवलं?

मी सांगतेय ते भर दिवसा घडलं. कोर्टात. माणसांनी गच्च भरलेल्या पॅसेजमध्ये.

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी नणंद आहे. आणि नणंदेसाठी खोटं बोलण्याइतकी चांगली भावजय मी नाही.

तिचं नाव इवेलिस कोत्तो. आम्ही न्यूयॉर्कला, ब्रॉन्क्समध्ये राहतो. माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण वकील आहे. फी न घेणारी वकील. घरमालक ज्यांना घराबाहेर काढायला निघालाय, त्या गरीब भाडेकरूंसाठी ती कोर्टात उभी राहते. पगार संस्था देते, भाडेकरूला काही द्यावं लागत नाही. पूर्वी ही सोय नव्हती. आता कायदाच आहे.

पद्धत साधी. पॅसेजमध्ये या वकिलांची टेबलं असतात. पुकारा व्हायच्या आत टेबलाशी जायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं, आपलं गाऱ्हाणं सांगायचं. वकील सोबत उभा राहिला तर घर वाचायची आशा असते. पुकाऱ्याला कोणीच उभं राहिलं नाही, तर एकतर्फी निकाल. मग एका सकाळी माणसं येतात आणि दाराचं कुलूप बदलून जातात.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट.

त्या मजल्यावर दोनच टेबलं होती. लिफ्टमधून उतरल्यावर पहिलं इवेलिसचं. पार पलीकडच्या टोकाला मार्वा बेकफर्डचं.

आणि तरीही लोक इवेलिसला ओलांडून मार्वाकडे जायचे!

मार्वा जमैकाची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तिच्या टेबलापुढे ही रांग. कोणी तिच्यासाठी घरचा केक आणायचं, कोणी बाळाचा फोटो. एका म्हाताऱ्याने तर तिला लोकरीची टोपी विणून दिली होती. मार्वा ती दिवसभर घालून मिरवायची.

इवेलिसचा नुसता जळफळाट व्हायचा. कायद्यात ती मार्वापेक्षा तसूभरही कमी नव्हती. पण तिच्यासमोरची खुर्ची रिकामीच.

"अगं, जरा हसत जा," मार्वा जाता-येता टोमणा मारायची. "तोंड असं करून बसतेस की लोकांना वाटतं तू घरमालकाचीच वकील!"

एका रविवारी इवेलिस माझ्याकडे जेवायला आली होती. मी भात ढवळत होते आणि ती मार्वाच्या नावाने बोटं मोडत होती.

"मला एक तरी अशील असं मिळू दे वहिनी, जे मला सोडून त्या मार्वाकडे जाणार नाही. एकच मिळू दे. पण कायमचं."

"असं भलतंसलतं बोलू नये," मी म्हटलं. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

"तुझी वास्तू भाड्याची आहे. तिला कोण विचारतंय?"

आम्ही दोघी हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

सुरुवात खुर्चीपासून झाली...

रोज सकाळी इवेलिस समोरची खुर्ची जरा मागे सरकवून ठेवायची. बसणाऱ्याला जागा हवी म्हणून. मग कॉफी आणायला जायची.

परत येऊन बघते तर... खुर्ची टेबलाला अगदी चिकटलेली.

जणू कोणीतरी पुढे सरकून बसलंय. सगळं सांगायला.

तिने सफाईवाल्याला झापलं. तो म्हणाला, "बाई, मी हातही लावलेला नाही."

मग पाणी.

खुर्चीखाली, नेमकं पाय टेकतात तिथे, पाण्याचं थारोळं. बुटांवरचा बर्फ वितळल्यावर साचतं तसं. पण त्या आठवड्यात बर्फच पडला नव्हता... बाहेर कोरडं, लख्ख ऊन होतं.

इवेलिसने वरच्या पाइपांना शिव्या दिल्या आणि कागदाने पुसून घेतलं.

एक दिवस बाबागाडी ढकलत एक तरुण आई तिच्याकडे आली. इवेलिस सावरून बसली. चेहऱ्यावर हसूही आणलं. ती मुलगी टेबलाशी थांबली. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं...

"सॉरी हं," म्हणाली आणि गाडी वळवून मार्वाकडे गेली.

ती सॉरी म्हणाली, पण इवेलिसला नाही.

दुपारी इवेलिस तरातरा मार्वाच्या टेबलाशी गेली. मार्वा पॅटी खात होती.

"माझी माणसं पळवतेस तू."

"मी?" मार्वाचा घास तोंडातच राहिला. "मी कशाला पळवू? तुझ्यासमोर सकाळपासून बाई बसलेली असते. उठायचं नाव नाही. लोक बिचारे थांबतात, कंटाळतात, मग इकडे येतात."

"कोण बाई?"

"तीच ती. तपकिरी कोटवाली. खरं सांगू? मलाच तुझा थोडा हेवा वाटला. माझ्यासमोर कोणी इतका वेळ बसत नाही गं."

इवेलिसने मागे वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती.

तिला वाटलं, मार्वा थट्टा करतेय. जळणाऱ्या माणसाला खरं सांगितलं तरी तो टोमणाच वाटतो. ती परत गेली आणि दोन दिवस मार्वाशी अवाक्षर बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ओनेलिया पोलांको आल्या.

साठी उलटलेल्या, मूळच्या डोमिनिकन. ज्या घरासाठी आल्या होत्या, त्यातच त्यांचा संसार झाला, त्यातच नवरा गेला. आता त्या आणि दम्याचा नातू. घर गेलं असतं तर त्या पोराला घेऊन बेघरांच्या शेल्टरमध्ये जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हे सगळं इवेलिसला नंतर कळलं. त्या सकाळी तिला दिसली ती फक्त समोरच्या बाकावर बसलेली एक म्हातारी. कोर्ट उघडल्यापासून तिथेच. हातात पर्स घट्ट धरलेली.

'हीसुद्धा मार्वासाठीच थांबली असणार,' इवेलिसच्या मनात आलं. 'थांब की मग. मी कशाला बोलवू?'

आणि तिने बोलवलं नाही.

कोर्टाचा शिपाई दाकोस्ता दारात आला.

"ओनेलिया पोलांको!"

कोणी उठलं नाही.

थोड्या वेळाने तो पुन्हा आला. आता आवाज चढलेला.

"पोलांको! ओनेलिया पोलांको! शेवटचा पुकारा!"

इवेलिसने मान वर केली. बाकावरच्या आजींचे ओठ थरथरत होते. डोळ्यांत पाणी. आणि त्या मार्वाकडे बघत नव्हत्या...

त्या बघत होत्या इवेलिससमोरच्या खुर्चीकडे.

इवेलिस धावत त्यांच्याजवळ गेली.

"आजी, पोलांको तुम्हीच का?"

"हो गं पोरी."

"मग उठा ना! घर जाईल तुमचं!"

"कशी उठू? हिने बाही धरलीय."

"कोणी?"

"ही काय... तुझ्या टेबलासमोर बसलेली."

इवेलिसने खाली बघितलं.

आजींच्या स्वेटरची बाही ताणलेली होती. मनगटापासून पुढे, हवेत. चिमटीत धरून ओढावी तशी. खुर्चीच्या दिशेने...

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"काय... काय म्हणतेय ती?"

आजी कान देऊन ऐकत होत्या.

"म्हणतेय, नंबर माझा आहे. ही काल आलेली बाई. हिला वकील, नातवाला घर, सगळं. आणि मी इतका काळ बसलेय, मला कोणी साधं नावही विचारलं नाही. माझ्या वेळी हे टेबल नव्हतं. मी मेले तेव्हा कुठे होता तुम्ही सगळे?"

इवेलिस मला म्हणाली, "वहिनी, मी पळणारच होते. पण ते बोलणं मला ओळखीचं वाटलं. तिला का, मला का नाही? महिनोन्महिने मी दुसरं काय म्हणत होते?"

ती टेबलाशी परत गेली. स्वतःच्या खुर्चीत बसली. समोर रिकामी खुर्ची.

आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती जे पहिल्यांदा विचारते, तेच तिने विचारलं.

"तुमचं नाव काय?"

भिंतीजवळचा हीटर दिवसभर खडखडायचा. तो थांबला...

बाकावरून आजींचा बारीक आवाज आला.

"डेल्फीन. म्हणतेय, डेल्फीन रकर."

इवेलिस खुर्चीकडे बघत पुढे झुकली.

"मिस रकर, मी इवेलिस कोत्तो. मी तुमचं वकीलपत्र घेतलं. आजपासून मी तुमची वकील. आता त्यांना सोडा."

बाही सैल पडली.

इवेलिसने आजींचा हात धरला आणि धूम ठोकली. दार बंद होता होता आत शिरून ती जवळजवळ ओरडलीच, "हजर! पोलांको हजर आहेत, मी त्यांची वकील!"

जजबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढची तारीख दिली. पुढे त्या खटल्यात मालकाचं काही चाललं नाही. घर वाचलं.

त्याच दिवशी इवेलिसने दाकोस्ताला गाठलं. तो तिथला सगळ्यात जुना शिपाई.

"रकर?" दाकोस्ताने डोळे बारीक केले. "तपकिरी कोट? हो, होती एक. या कायद्याच्या कितीतरी आधी. इथेच बसायची. पुकारा झाला तरी उठेना. म्हणे, माझा वकील येणार आहे, त्याच्याशिवाय आत जाणार नाही. तेव्हा कुठला वकील आणि काय!"

"मग?"

"मग काय? घर गेलं, रस्त्यावर आली. थंडीचे दिवस होते," एवढंच बोलून तो पुढचं नाव पुकारायला निघून गेला.

त्या दिवसापासून लोक इवेलिसकडे येऊ लागले. रांग लागली. मार्वाने लांबूनच टोपी उंचावून दाद दिली. इवेलिस खूश! मला फोन करून म्हणाली, "बघ, सुटली बिचारी."

मलाही तसंच वाटलं.

मार्चमध्ये ओनेलिया आजी पुन्हा आल्या. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. त्या दिवसांत त्यांच्यात राजम्याची गोड खीर करतात, नारळाचं दूध घालून. मोठा वाडगा भरून आणली होती. इवेलिससाठी. इतक्या वर्षांत तिला कोणी आणलेली पहिली भेट.

इवेलिसने वाडगा दोन्ही हातांनी उंच धरला. मार्वाला दिसावा म्हणून. मग टेबलावर ठेवला.

वाडगा सरकला...

हळूहळू. कडेपर्यंत.

आणि खाली पडून फुटला.

आजी पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"काय झालं, आजी? काय म्हणाली ती?"

"म्हणाली... तुझं घर मिळालं ना तुला? आता ही माझी आहे. पुन्हा इकडे येऊ नकोस."

त्यानंतर कोणीच परत येत नाही. खटले ती जिंकते. लोकांची घरं वाचतात. पण जिंकलेली माणसं तिच्याकडे न बघता घाईघाईने लिफ्टकडे जातात. एकाने तर तक्रार केली की तुमची ती कोटवाली मदतनीस फार रागाने बघते.

"सोड तिचं वकीलपत्र," मार्वा आता गंभीरपणे सांगते.

"असं सोडता येत नाही. एकदा वकीलपत्र घेतलं की कोर्टाची परवानगी लागते," इवेलिस म्हणते. "आणि हिची परवानगी मी कुठल्या जजकडे मागू?"

गेल्या महिन्यात ती जेवायला आली होती. तिच्या शेजारी बसावं म्हणून मी खुर्ची ओढली.

खुर्ची हलेना.

रिकामी खुर्ची. मी दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना...

"वहिनी, तू पलीकडे बस," इवेलिस ताटातून मान वर न करता म्हणाली.

मी पलीकडे बसले.

निघताना मी तिला नेहमीसारखी मिठी मारायला पुढे झाले. मी कितीही टोमणे मारले तरी जीव आहे माझा तिच्यावर. हात पसरले...

आणि मागून कोणीतरी माझी बाही धरली.

मागे भिंत होती. घरात आम्ही दोघीच होतो.

मी हात खाली घेतले. बाही सुटली. इवेलिसने सगळं बघितलं होतं. तिचे डोळे भरून आले. ती जिना उतरून गेली.

आता आम्ही फोनवरच बोलतो. परवा तिचा फोन आला होता. मी तिला हसवत होते, तीही खूप दिवसांनी खळखळून हसली. आणि मधेच गप्प झाली.

"ठेवते वहिनी," ती हळूच म्हणाली. "तिला आवडत नाहीये."