हेस्टरचे पंचवीस ठोके

बुधवारचा चर्चच्या घंटांचा सराव संपला. मनोऱ्याच्या खोलीत हीटरभोवती पोरं टेकली आणि ऑस्विन म्हाताऱ्याने चहात साखर ढवळली.

"माझ्या ओळखीच्या एका चर्चच्या कारभाऱ्याची गोष्ट. अगदी खरी."

त्या पोरांतल्या टॅम्सिनने नाक मुरडलं. कॉलेज सोडून आल्यापासून तिला एक कळलं होतं, म्हातारे 'खरी' म्हणाले की काहीतरी लपवत असतात.

"गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. चारलाच अंधार. लेटिस नावाची बाई लिंकन शहराहून आली. पणजीची बहीण शोधत होती, हेस्टर. एकोणिसाव्या वर्षी पोट राहिलं, गिरणीच्या तळ्यात जीव दिला. घराण्याची नावं लिहितात त्या बायबलमधून तिचं नाव खोडलेलं. दफनाची नोंद मिळाली तर घरच्या थडग्यावर नाव कोरता येणार होतं, एवढंच. कारभारी म्हणाला, असं नाव आमच्याकडे नाही."

"होतं?" टॅम्सिनने विचारलं.

"होतं. नावापुढे शेरा, घंटा देऊ नये."

गावात बाई वारली की घंटेचे आधी सहा ठोके, मग वयाचे. हेस्टरला एकही नाही.

"पण का लपवलं त्याने?"

"शेरा त्याच्या पणजोबाचा, तेव्हाच्या कारभाऱ्याचा. आणि ते पोटातलं..."

"तेही पणजोबाचंच. वा! पोरगी तळ्यात, याची अब्रू कोरडी."

ऑस्विनने टॅम्सिनकडे पाहिलं नाही.

"बाई गेली. त्याने दफनांचं रजिस्टर चर्चच्या पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. सव्वापाचला मोठी घंटा वाजली. सहा. मग थांबली. मग एक... एक... तो मोजत होता. एकोणीस. धावत वर गेला. कोणी नाही."

"कोणीतरी दोर ओढला असेल, म्हातारबा."

"दोर झिजला होता. आदल्या दिवशीच उतरवून त्याने घरी नेला होता."

टॅम्सिन पुढे सरकली.

"लेटिसबाईंना कळवलं त्याने?"

ऑस्विन चहा ढवळत राहिला.

"तुम्ही कळवलंत?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली.

"पेटीची किल्ली द्या. उद्या मी फोन करते त्यांना."

त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. कोट कोरडा, बाहेर आठवडाभर पाऊस नाही. किल्ली टॅम्सिनच्या तळहातावर पडली.

थंडगार. ओली.

दात्यांत हिरवं शेवाळ अडकलेलं.