सातवं पेन

चिनी शिकायला आम्ही सहा जणी होतो. सहाच. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरूनच मला बोलणी खावी लागली.

साल १९७८. चीनमध्ये जाऊन तिथंच वारलेल्या आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांचं घर बघायला चिनी पाहुणे येणार होते आणि आमची शाळा त्यांचं स्वागत त्यांच्याच भाषेत करणार होती. स्वागताची वाक्यं मी म्हणणार होते. मी म्हणजे दाक्षायणी, नववी ब. माझा आवाज मैदानापलीकडे पोचतो, तेव्हा निवड होणारच होती.

शिकवायला मोडनिंबचे जोतीराम सर. फौजेत दुभाषे होते. दुपारच्या सुट्टीत चित्रकलेच्या वर्गात आम्ही पुढच्या बाकांवर बसायचो. सर आधी चिनी पद्धतीनं हजेरी घ्यायचे. नाव पुकारलं की 'दाओ' म्हणायचं, म्हणजे हजर. सूर वरून झपकन खाली यायला हवा. आमचा सपाटच यायचा.

एकदा शेवटचं नाव, माझं, झालं. मी 'दाओ' म्हटलं आणि मागून आणखी एक 'दाओ' आला. बारीक, स्वच्छ, वरून खाली.

"छान. कोण ती?" सरांनी मान वर केली.

मागचे बाक रिकामे होते.

मग ते रोजच व्हायला लागलं. शेवटी सर चिडले. "दाक्षायणी, नकलाच करायच्या असतील तर स्वागताला दुसरी बघतो."

"सर, मी नाही केलं."

"मग काय भिंत बोलली?"

पोरी फिदीफिदी हसल्या. विजयमाला तर लगेच माझी वाक्यं पाठ करायला बसली. माझं डोकंच फिरलं. माझी जागा जाणार, आणि तीही दुसरीच्या उद्योगामुळे?

दुसऱ्या दिवशी चोर पकडायला मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले. हजेरी झाली. 'दाओ' माझ्या कानाशी आला. गालाला श्वास लागला. त्याला लवंगेच्या तेलाचा वास होता.

सरांनी माझे मिटलेले ओठ पाहिले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. हजेरी संपली की नुसते क्षणभर थांबायचे.

घरी अव्वाला, माझ्या आजीला, सांगितलं. भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

"सात रस्त्याला दातवाला चिनी होता की. लवंगेचं तेल लावायचा दाढेला. त्याची पोरगी तुमच्याच शाळेत होती. चीनशी लढाई लागली तवा पोलिसांनी वर्गातनंच नेली तिला."

"काय केलं होतं तिनं?"

"काय करनार? तुझ्याएवढी होती."

"नाव काय तिचं?"

अव्वाला आठवेना. "चिनीच म्हनायचे की सगळे."

रात्रभर मी धुमसत होते. याच गावात, याच शाळेत वाढलेल्या मुलीचं नाव कुणाला ठाऊक नाही? सकाळी तडक हेडबाईंच्या खोलीत गेले. वच्छलाबाई माझ्या जन्माआधीपासून याच शाळेत शिकवत होत्या.

"अशी मुलगी या शाळेत कधीच नव्हती," त्या म्हणाल्या. "परत विचारलंस तर स्टेजवर दिसणार नाहीस."

पाहुणे आले त्या दिवशी आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. शेवटी मी, मला खेटून हेडबाई. मी वाक्यं म्हटली, एकही चुकलं नाही. टाळ्या झाल्या. त्यांच्यातले एक म्हातारे पाहुणे एकेकीशी बोलत प्रत्येकीला पेन देत आले. मलाही दिलं.

मग आणखी एक पेन काढून ते माझ्या पलीकडे वाकले.

काहीतरी विचारलं. ऐकलं. हसले.

लवंगेचा वास आला.

त्यांचा हात रिकामा मागे आला. पेन खाली पडलं नाही.

"काय म्हणाले?" मी सरांना हळूच विचारलं.

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "इतके चांगले उच्चार कुठं शिकलीस, म्हणाले."

"आणि?"

"इथंच, म्हणाली."

मी हेडबाईंकडे वळले. त्या समोर बघत हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. मघाशी मला खेटून होत्या. आता पदर आवरून एक पाऊल सरकल्या होत्या. आमच्या दोघींच्या मध्ये त्यांनी एका मुलीपुरती जागा करून दिली होती.