गढीची चौकट

वीज काही आज येत नाही, पोरांनो, तर ऐका. सत्तावन्न साली कुरुद गावाकडच्या मजुरांच्या झोपड्यांत आमच्या शेजारी भंडाऱ्याचा तेजराम राहायचा. पोलादाच्या मोठ्या कारखान्याची बांधणी चालली होती, त्यासाठी जवळचं एक गाव उठवलं होतं. जाताना लोकांनी आपापल्या दारांच्या चौकटी उपटून बैलगाडीत घातल्या. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पडक्या गढीची सागवानी चौकट मात्र कोणी हलवली नाही. मालगुजारीण त्याच उंबरठ्यावर बसून मेली होती. पोटी लेकरू नाही, आणि घर सोडायला ती तयार नव्हती.

तेजरामला हे ठाऊक होतं. पण झोपडीला दार नव्हतं, आणि घरात सहा वर्षांची रमा. "लाकडाले काय समजते?" म्हणत त्याने ती फुकटची चौकट आणून बसवली.

तान्हा पोळा आला. रमा लाकडी बैल घेऊन घरोघर फिरली. बायांनी बैलाला कुंकू लावायचं, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ ठेवायचा. दिवेलागणीला ती परतली. तेजराम दाराबाहेर बिडी ओढत होता.

"बाबा, आता आपल्या घरचा बोजारा!" म्हणत तिने उंबरठा ओलांडला.

आतून बायकोने, पंचफुलाने विचारलं, "रमा आली का जी?"

"आत्ताच तं अंदर गेली!"

आत पंचफुला एकटीच होती. चूल. एक पेटी. लपायला जागाच नव्हती.

सारी वस्ती धुंडाळली. विहिरीत गळ टाकले. मध्यरात्री तेजरामने ती चौकट उपटली, खांद्यावर घेतली आणि चिखल तुडवत गढीवर गेला. मागे कंदील घेऊन पंचफुला. दोघांचा जीव नुसता तुटत होता.

त्याने चौकट जुन्या जागी उभी केली. पलीकडे छप्पर नाही, भिंत नाही. नुसतं गवत.

"तुमची चौकट घ्या, माय... माही पोर द्या..."

त्याने चौकटीत वाकून हाक मारली.

"रमा! घरी चाल, बाई..."

आवाज आला. चौकटीतून. अगदी जवळून.

"बाबा, मी तं घरीच आहो..."

तेजराम आत धावला. गवतात पडला. पुन्हा धावला. पुन्हा... पहाटेपर्यंत...

उजाडलं. उंबरठ्यावर रमाचा लाकडी बैल उभा होता. रात्री तिथे काही नव्हतं, पंचफुला शपथेवर सांगायची.

बैलाच्या कपाळावर कुंकवाचं नवं बोट ओढलेलं होतं. अजून ओलं.