मोकळी कड

पिकअपची मागची फळी पाडून रॉइसने दोन्ही गाठोडी शेजारी शेजारी मांडली. एक त्याचा नवाकोरा तंबू, तळ शिवलेला, दाराला चेन. दुसरी त्याच्या थोरल्या भावाची, ऑरिनची जुनी ताडपत्री, शेगडीच्या ठिणग्यांनी जागोजाग भोकं पडलेली. वर टिंडर खिंडीपर्यंत सगळं सामान पाठीवरून न्यायचं, आणि एल्क, म्हणजे घोड्याएवढं ते हरीण, पडलाच तर ते धूड तुकडे करून पाठीवरूनच उतरवायचं. त्यामुळे आयडाहोच्या त्या डोंगरांत शिकारीला निघालेला माणूस जादा चमचासुद्धा घरी ठेवून येतो.

"वहिनी, तंबूत दोघं मावतो. मध्ये पडदा बांधतो हवा तर."

"तू घोरतोस मेल्या. पडद्याने काय होणार?"

"घोरणं परवडलं. त्या ताडपत्रीला तळ नाही. उंदीर म्हणू नको, कोळी म्हणू नको, सगळे पाहुणे आत. आणि अंगाखाली नुसती माती!"

व्हर्नाला हसू आलं. हेच भांडण ती वर्षानुवर्षं नवऱ्याशी भांडली होती, आणि तेव्हा ती तंबूची बाजू घ्यायची. ऑरिन म्हणायचा, "अगं, चिखलाच्या बुटांनिशी आत यावं, शेगडी पेटवावी, मोजे वाळत घालावेत. तंबूत शेगडी कुठे पेटवशील, माझ्या डोक्यावर?"

"मी ताडपत्रीच नेणार," ती म्हणाली. "तू तुझ्या तंबूत नीज."

रॉइसने ताडपत्री तिच्या सामानात बांधली. कारण त्याला ठाऊक होतं. गेल्या ऑक्टोबरात ऑरिन एकटाच वर गेला होता. गोळी लागलेल्या एल्कच्या मागावर संध्याकाळी निघाला, पाठोपाठ बर्फ कोसळलं, आणि तो परत आलाच नाही. शोधायला गेलेल्या लोकांना त्याचं हाडसुद्धा मिळालं नाही. मिळाली ती ही ताडपत्री, जशीच्या तशी ताणलेली, आणि एका बाजूची तिची कड बेचक्याच्या काठीवर उचलून ठेवलेली.

तिकडच्या शिकाऱ्यांची ती रीतच आहे. ताडपत्रीची कड तीन बाजूंनी बर्फ रचून बुजवायची, वारा आत येऊ नये म्हणून. ज्याला यायला उशीर होणार, त्याच्या बाजूची मात्र मोकळी ठेवायची. तो अंधारात सरपटत आत शिरतो आणि कुणाला न उठवता आपल्या जागेवर आडवा होतो. ऑरिन असा शिरला की बोलायचा नाही. व्हर्नाचा हात शोधायचा आणि दोनदा दाबायचा. आलोय, झोप.

वर्षभर व्हर्ना घरच्या पलंगावर हात उघडा टाकून झोपली होती. लोकांनी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना केली, शेजारणींनी वाडगी भरभरून जेवण पाठवलं, सगळं झालं. तिला मात्र एकच हवं होतं. त्याने एकदा कड उचलून आत यावं, गारठलेले पाय तिच्या पोटऱ्यांना लावावेत आणि तिने त्याला कचकचीत शिवी द्यावी. बस्स, एवढंच. शिकार हे निव्वळ निमित्त होतं.

खिंडीत पोचेपर्यंत दुपारभर बर्फ पडलं आणि अंधाराच्या तोंडाशी थांबलं. रॉइसने पाइनच्या झाडांखाली सपाटीवर तंबू ठोकला. व्हर्नाने जरा खालच्या खळग्यात ताडपत्री ताणली, गेल्या वर्षी जिथे ती सापडली होती तिथेच.

"वहिनी, तीच जागा कशाला?" रॉइस हळूच म्हणाला.

"त्याला माहितीची आहे ना, म्हणून."

तिने तीन बाजूंना बर्फ रचलं, चौथ्या बाजूला तीच बेचक्याची काठी लावली. घेवडा गरम करून खाल्ला. शेगडी चुरचुरत विझली. मग इतकं शांत झालं की वर फांदीवरून बर्फ घसरलं तरी छातीत धस्स व्हावं. ती त्या मोकळ्या कडेकडे तोंड करून पडली आणि तिने डोळे घट्ट मिटले. पाहिलं तर तो यायचा नाही, असं आपलं तिला वाटलं.

आधी वास आला. ऑरिनला राळेचा, ओल्या लोकरीचा, बंदुकीच्या तेलाचा वास यायचा. हा वास ओल्या मातीचा होता, नव्या विहिरीतून वर येतो तसा. वर्षभर बाहेर राहिलेल्या माणसाला दुसरा कसला वास येणार, असं तिने मनाला समजावलं. मग शेजारी काहीतरी आडवं झालं. जड. ऊबदार.

"ऑरिन...?"

एक हात तिच्या हातात आला आणि त्याने तिची बोटं दाबली. एकदाच. खूप वेळ.

"दोनदा रे... विसरलास?" ती कुजबुजली, आणि तिनेच तो हात दोनदा दाबून दाखवला.

तो हात थांबला. मग त्याने तिची बोटं दोनदा दाबली, अगदी तिने दाबली तशी. व्हर्नाला हुंदका फुटला. वर्षभराचं रडं तिने तिथे रडून घेतलं, आणि सुखाने, हो, सुखानेच, तिचा डोळा लागला.

उजाडलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. ती केस सारखे करत वर तंबूपाशी गेली. रॉइस दाराशी बसला होता, मांडीवर रायफल, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"वहिनी... रात्री दादा आला होता."

"माहितीय मला," ती लाजून म्हणाली. "माझ्याकडेच होता."

"तुझ्याकडे? कधी?"

"अंधार पडल्यापासून पार उजाडेपर्यंत."

रॉइसने तिच्याकडे असं पाहिलं की तिचं हसू तिथेच विरलं.

"अगं, तो अंधार पडल्यापासून माझ्या तंबूभोवती फिरत होता. खाली वाकून कड चाचपत होता. याला कड कुठली, तळ शिवलेला. चेन उघडायचा मला धीर झाला नाही गं! मी आतूनच म्हणालो, दादा, वहिनी खाली आहे, तिच्याकडे जा. तर गेला... आणि परत आला."

"मग?"

"म्हणाला... तिथे माझ्या जागेवर कुणीतरी निजलंय."

तंबूभोवती बर्फ तुडवलेलं होतं. ठशांत डावी टाच बाहेरून झिजलेली, ऑरिनचे ते बूट व्हर्नानेच दोनदा चांभाराकडे टाकले होते. एक माग खळग्याकडे उतरला होता. मोकळ्या कडेपाशी तो माणूस बराच वेळ उभा राहिलेला दिसत होता, आणि तिथूनच मागे फिरला होता. कडेखालचं बर्फ कोरं होतं. तिथून आत कुणीही शिरलं नव्हतं.

आत मात्र तिच्या अंथरुणाशेजारची माती भुसभुशीत झाली होती. माणूसभर लांब. खालून उकरल्यासारखी.

व्हर्ना त्या मागावरून धावत सुटली. "ऑरिन! अरे, मी फसले रे! ये परत!" माग कड्याच्या उघड्या खडकांवर चढला आणि संपला. वारा तेवढा होता. रात्री तो हातभर अंतरावर उभा होता, आणि ती दुसऱ्याच कुणाचा हात धरून सुखाने झोपली होती. ती खडकावर मटकन बसली आणि तिने कपाळ बडवून घेतलं. रॉइसने तिला अक्षरशः ओढत खाली आणलं.

दुपार कलता कलता दोघं गाडीपाशी पोचली. खिंड पार मागे, डोंगराआड राहिली होती. ताडपत्री तिने वरच टाकून दिली होती. रॉइसने इंजिन चालू केलं.

"चल वहिनी, चढ लवकर."

व्हर्नाने दाराच्या कडीला हात घातला आणि ती तशीच उभी राहिली.

"आता काय राहिलं?"

तिच्या बुटाच्या तळव्याला खालच्या मातीतून काहीतरी हळूच दाबत होतं. एकदा. मग जरा थांबून, अगदी तिने शिकवलं होतं तसंच, आणखी एकदा.

आणि देव क्षमा करो, तिला पाय उचलवेना.